दुखणे थांबले, पण नस बरी झाली का?

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात जड आणि बधिर वाटतो, उठून चार वेळा झटकला की बरे वाटते आणि पुन्हा झोप लागते. ही तक्रार आपल्या गावात अनेक घरांतून ऐकू येते. कोणी म्हणतो हाताची उशी करून झोपलो म्हणून झाले, कोणी वाताला दोष देतो, तर कोणी अशक्तपणाला. मग औषधाच्या दुकानातून ‘नसांच्या’ लाल गोळ्या येतात, रात्री तेल चोळले जाते, ताकदीचे इंजेक्शन मागितले जाते. वर्ष-दोन वर्षे अशीच जातात. आणि एक दिवस रुग्ण समाधानाने सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, आता रात्रीचे दुखत नाही. बोटे तेवढी दिवसभर बधिर राहतात.’

वाचकहो, आजचा लेख या शेवटच्या वाक्यासाठी आहे. बहुतेक दुखण्यांत वेदना कमी होणे ही चांगली खूण मानली जाते. या विकारात मात्र वेदना कमी झाली आणि बधिरपणा कायमचा मुक्कामाला आला, तर नस हळूहळू निकामी होत चालली आहे अशी शंका घ्यावी लागते. ती किती शाबूत आहे आणि किती गेली आहे, हे आकड्यांत सांगणारी एक तपासणी आहे. तिला ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी म्हणतात. चिठ्ठीवर डॉक्टर बहुधा ‘एन.सी.व्ही.’ असे लिहून देतात. ‘करंट लावून बघतात’ या नावाने ती लोकांत ओळखली जाते आणि त्या नावामुळेच अनेकजण ती टाळतात. म्हणून ती नीट समजून घेऊ.

नस म्हणजे कोणती?

आपल्या बोलण्यात ‘नस’ हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातो. हाताच्या पाठीवर निळी दिसते ती रक्तवाहिनी. मूठ वळली की मनगटावर दोरीसारखी ताणलेली दिसते ती शीर, म्हणजे स्नायूचे टोक. तिसरी नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजेच नर्व्ह. ती बाहेरून दिसत नाही. विजेच्या वायरीसारखी ती मेंदू व मज्जारज्जूपासून बोटांपर्यंत जाते. बोटाला गरम लागले हा निरोप ती वर नेते आणि बोट उचल हा हुकूम खाली आणते. आज आपण या तिसऱ्या नसेबद्दल बोलत आहोत.

हातात अशा तीन मुख्य नसा आहेत. त्यातली ‘मिडियन’ नावाची नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान देते. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा आहे, त्यातले बहुतेक स्नायूही तीच चालवते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू ‘अल्नर’ नावाच्या दुसऱ्या नसेकडे आहे. ही वाटणी लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

मनगटातला बोगदा

मनगटात आठ लहान हाडे कमानीसारखी मांडलेली असतात आणि त्या कमानीवर एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. मधे जी पोकळी राहते तिला वैद्यकशास्त्रात ‘कार्पल टनेल’ म्हणजे मनगटाचा बोगदा म्हणतात. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ शिरा जातात आणि त्यांच्याबरोबर दाटीवाटीने मिडियन नसही जाते. शिरांवरच्या आवरणाला सूज आली, किंवा हाड मोडून जागा कमी झाली, की या गर्दीत सर्वांत मऊ असलेली नस दाबली जाते. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. मनगटाचे हाड मोडल्यानंतर ही नस दबल्याचे वर्णन इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच करून ठेवले आहे. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज फॅलन यांनी १९५० नंतरच्या काळात या विकारावर सातत्याने लिहिले, तेव्हा तो जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत भरला.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा, गरोदरपणातील सूज आणि मनगटाचे जुने फ्रॅक्चर ही नेहमीची कारणे. मनगट वाकवून, जोर लावून, तीच ती हालचाल तासन्‌तास करण्याचे काम किंवा हाताला सतत हादरे देणारे यंत्र यांमुळेही धोका वाढतो. आता आपल्या भागातली कामे आठवून पाहा. यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत तुटलेले धागे जोडणारे कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, शिवणकाम करणारे, कसमादे पट्ट्यात डाळिंबाच्या बागेत छाटणीची कात्री चालवणारे मजूर, कांदा निवडणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या स्त्रिया, पहाटे पाच-सहा म्हशींचे दूध काढणारे शेतकरी. घरात भाकरी थापणे आणि धुणे पिळणे आहेच. या सगळ्यांची कमाई अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या चिमटीवर चालते. तीच चिमूट हा आजार काढून घेतो.

दुखणे कमी का होते?

नस दबू लागली की प्रथम ती कुरकुर करते. मुंग्या येतात, जळजळ होते, रात्री ठणका लागतो. झोपेत मनगट दुमडलेले राहते, त्यामुळे बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त. या पायरीवर नसेच्या आतले तंतू जिवंत असतात, फक्त त्यांच्यावरचे आवरण खराब होऊ लागलेले असते. वायरीच्या प्लॅस्टिकसारखे हे आवरण निरोप वेगाने जाण्यासाठी असते. ते झिजले की निरोप जातो, पण उशिरा जातो.

दाब तसाच राहिला तर पुढे आतले तंतूच मरू लागतात. स्पर्शाचे तंतू सहसा आधी जातात. मेलेला तंतू तक्रार करत नाही, त्यामुळे रात्रीचा ठणका कमी होतो आणि रुग्णाला वाटते की गोळी लागू पडली. प्रत्यक्षात बोटांची टोके दिवसरात्र बधिर झालेली असतात. शर्टाचे बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, खिशातले नाणे न पाहता ओळखता येत नाही. तव्याचा चटका बसलेला दिसतो, पण लागलेला कळत नाही. त्यानंतर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होऊ लागतो आणि हातातला पेला निसटतो. ही गंभीर अवस्था आहे. येथे आणखी सहा महिने ‘बघू’ म्हणण्यात हात गमावण्याची भीती असते.

तपासणीत काय करतात?

नसेतून निरोप किती वेगाने जातो हे मोजता येईल असे एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत नव्हते. १८५० मध्ये जर्मनीतील हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर प्रयोग करून तो वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर आहे असे दाखवले. माणसाच्या हातातील नसांची मोजणी विसाव्या शतकाच्या मध्याला रुळली आणि १९५६ मध्ये ब्रिटनमधील डॉ. सिम्पसन यांनी दाखवून दिले की या विकारात मिडियन नस मनगटापाशीच मंदावते. आजची तपासणी त्याच तत्त्वावर चालते.

रुग्णाला आडवे करतात किंवा खुर्चीत बसवतात. अंगठ्याच्या उंचवट्यावर आणि बोटांवर लहान चकत्या किंवा कड्या चिकटवतात. मग मनगटावर नसेच्या जागी एक छोटे उपकरण टेकवून विजेचा अगदी क्षणिक ठोका देतात. अंगठा आपोआप उडतो. ठोका दिल्यापासून स्नायू उडेपर्यंत किती वेळ लागला, हे यंत्र मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, मोजते. पुन्हा तसाच ठोका कोपरापाशी देतात. स्पर्शाच्या तंतूंसाठी बोट आणि मनगट यांच्या दरम्यान असाच निरोप पाठवून पाहतात.

गणित सोपे आहे. समजा कोपरापासून निरोप पोचायला ८ मिलिसेकंद लागले आणि मनगटापासून ३.६. म्हणजे कोपर ते मनगट या टप्प्याला ४.४ मिलिसेकंद लागले. ते अंतर टेपने मोजले तर २४ सेंटिमीटर भरले. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे ५५ मीटर. निरोगी हातात हा वेग साधारण ५० मीटरच्या वर असतो, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्याही वर.

आता समजा एसटी धुळ्याहून मालेगावच्या वेशीपर्यंत वेळेत आली, पण मोसम पुलाच्या गर्दीत अर्धा तास अडकली. दोष गाडीचा नाही आणि महामार्गाचाही नाही. खोळंबा नेमका पुलावर आहे. या तपासणीत डॉक्टर हेच शोधतात. कोपर ते मनगट वेग चांगला, पण मनगट ओलांडताना उशीर, असे दिसले की दाब बोगद्यात आहे हे ठरते. शंका राहू नये म्हणून शेजारची अल्नर नसही तपासतात. अनामिका तर दोन्ही नसांच्या वाटणीत आहे. एकाच बोटातून दोन नसांनी निरोप पाठवला आणि मिडियनचा मागे पडला, की रुग्णाचे स्वतःचेच बोट साक्ष देते.

अहवालातले आकडे

अहवाल हातात आला की लोक घाबरतात, कारण त्यात नुसते तक्ते आणि वेड्यावाकड्या रेघा असतात. त्यात मुख्यतः दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे उशीर, ज्याला ‘लेटन्सी’ म्हणतात. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत हा उशीर बहुतेक प्रयोगशाळांत साधारण साडेचार मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. उशीर वाढला म्हणजे आवरण खराब झाले. दुसरी म्हणजे लाटेची उंची, ज्याला ‘ॲम्प्लिट्यूड’ म्हणतात. किती तंतू कामावर हजर आहेत ते तिच्यावरून कळते. मागावर ताण्याचे शेकडो धागे असतात. दहा-वीस तुटले तरी कापड निघते, निम्मे तुटले तर कापड विरळ पडते, सगळे तुटले तर माग नुसता खडखडतो. लाटेची उंची म्हणजे ताण्याच्या शिल्लक धाग्यांची मोजदाद.

इंग्लंडमधील डॉ. जेरेमी ब्लँड यांनी २००० साली या आकड्यांवरून विकाराच्या पायऱ्या मांडल्या. शून्य म्हणजे तपासणी निर्दोष आणि सहा म्हणजे अत्यंत गंभीर. सोप्या भाषेत सांगायचे तर सौम्य पायरीवर फक्त स्पर्शाचा निरोप मंदावतो. मध्यम पायरीवर स्नायूकडचा निरोपही उशिरा जातो. गंभीर पायरीवर बोटांकडून स्पर्शाची लाटच मिळत नाही. त्याहून पुढे स्नायूचा उशीर साडेसहा मिलिसेकंदांच्या वर जातो आणि शेवटच्या पायरीवर अंगठ्याच्या स्नायूची लाटही जवळजवळ नाहीशी होते. अहवालात ‘ॲबसेंट’ किंवा ‘नॉट रेकॉर्डेबल’ असे शब्द आले तर त्यांचा अर्थ हा.

एक उदाहरण देतो. पंचेचाळिशीचे एक यंत्रमाग कामगार. उजव्या हाताचे दुखणे दोन वर्षांनी आपोआप थांबले म्हणून ते निश्चिंत होते. दाखवायला आले होते ते डाव्या हाताच्या मुंग्यांसाठी. दोन्ही तळहात शेजारी ठेवून पाहिले तर उजव्या अंगठ्याचा उंचवटा खोलगट झालेला होता आणि तर्जनीला टाचणी टोचलेली कळत नव्हती. तपासणीत उजव्या हाताची स्पर्शाची लाट मिळाली नाही, स्नायूचा उशीर ८ मिलिसेकंदांच्या वर गेला होता आणि लाट अगदी ठेंगणी होती. ज्या डाव्या हाताची तक्रार होती, त्याची नस मात्र मध्यम पायरीवर होती. न दुखणारा हात जास्त आजारी निघाला. दोन्ही हातांची शस्त्रक्रिया काही महिन्यांच्या अंतराने झाली. डावा हात पूर्ण बरा झाला. उजव्या हाताची जळजळ गेली, पकड सुधारली, बोटांना थोडा स्पर्श आला, पण उंचवटा भरला नाही आणि बारीक धागा जोडण्याचे काम त्यांना आता डाव्या हातानेच करावे लागते. माणूस एक, शस्त्रक्रिया तीच. फरक पडला तो वेळेचा.

प्रत्येक बधिर हात हा विकार नव्हे

या तपासणीचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे ती दुसऱ्याच रोगाकडे बोट दाखवू शकते. मानेच्या मणक्यात नस दबली तरी हाताला मुंग्या येतात. मधुमेहात दोन्ही पायांच्या नसा आधी बिघडतात, मग हातांच्या. अशा वेळी मनगटावरच नव्हे, तर सगळीकडेच निरोप मंद दिसतो. अनेक मधुमेही रुग्णांत दोन्ही विकार एकत्र असतात. त्यांचा किती बधिरपणा साखरेमुळे आणि किती बोगद्यामुळे, हे वेगळे करायला ही तपासणी फार मोलाची ठरते. जरूर वाटली तर डॉक्टर ‘ई.एम.जी.’ ही जोडतपासणीही करतात. त्यात बारीक सुई स्नायूत घालून स्नायूची अवस्था पाहतात.

आणि एका रोगाचे नाव आपण घेत नाही म्हणून तो गेलेला नाही. तो म्हणजे कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, तरी आपल्या राज्यात नवे रुग्ण आजही सापडतात. बधिरपणा करंगळीच्या बाजूला असेल, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत असेल, अंगावर संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर आधी त्याची तपासणी करावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, रोग पूर्ण बरा होतो आणि वेळेवर उपचार घेतले तर व्यंग टळते. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

तपासणी कोणी करावी?

हाताला मुंग्या आल्या की लगेच नाशिकला पळावे असे मी सांगणार नाही. नवा, सौम्य त्रास असेल, लक्षणे स्पष्ट असतील, तर नुसत्या तपासून पाहण्यानेही निदान बरेचसे होते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे मिनिटभर दुमडून धरली आणि नेमक्या त्याच बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. अशा रुग्णाला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा चार-सहा आठवडे बांधायला द्यावा, कामात बदल सुचवावा, साखर आणि थायरॉइड तपासावे. बरेच जण एवढ्यावर सावरतात.

मात्र पुढील परिस्थितीत तपासणी लांबवू नये. बोटे दिवसभर बधिर राहत असतील, अंगठ्याचा उंचवटा बसत चालला असेल, वस्तू हातातून पडत असतील, पट्टा बांधूनही दीड-दोन महिन्यांत फरक नसेल, मधुमेह किंवा मानेचा त्रास असल्याने निदानात घोळ असेल, किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा असेल.

तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सौम्य विकारात काही वेळा अहवाल निर्दोष येतो, तरी त्रास खरा असतो. उलट एखाद्याचा अहवाल थोडा बिघडलेला असतो, पण त्याला काहीच त्रास नसतो. म्हणून नुसत्या कागदावर उपचार करू नयेत. कागद आणि हात दोन्ही एकत्र पाहावेत.

जाताना लक्षात ठेवा

उपाशी जाण्याची गरज नाही. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात. त्या दिवशी हाताला तेल, मलम, क्रीम काही लावू नये, कारण चकत्या नीट चिकटत नाहीत. अंगठ्या आणि घट्ट बांगड्या काढाव्या लागतात. काचेच्या बांगड्या उतरवायला मन घेत नसेल तर त्या कोपराकडे सरकतील इतक्या सैल घालून जाव्यात. छातीत पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. थंडीच्या दिवसांत हात गार पडलेला असेल तर तो ऊबदार करूनच तपासणी करून घ्यावी. गार हातात निरोगी नसही मंद चालते आणि अहवाल उगाच बिघडलेला येतो. तपासणी दोन्ही हातांची करून घ्यावी. अर्धा-पाऊण तास लागतो.

करंटची भीती बाळगू नये. बोचरा झटका लागतो हे खरे, पण तो क्षणाचा असतो आणि त्याने नसेला इजा होत नाही. वेळ मिळाला तर मागांच्या शुक्रवारच्या सुटीला जोडून जावे, म्हणजे खाडा पडत नाही. खर्चाची अडचण असेल तर धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. पुढे शस्त्रक्रिया लागली तर ती शासकीय आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

अहवाल वाईट आला तर?

सौम्य आणि मध्यम पायरीवर पट्टा किंवा बोगद्यात एखादे स्टेरॉइडचे इंजेक्शन पुरते, निदान काही महिने तरी आराम मिळतो. गंभीर पायरीवर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. तळहातावर लहान छेद घेऊन बोगद्यावरचा पट्टा कापून मोकळा करतात. हात तेवढा बधिर करून हे काम बहुधा होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात, जड कामाला मात्र महिना-दीड महिना थांबावे लागते.

‘लाटच मिळत नाही, आता ऑपरेशन करून काय उपयोग?’ असा प्रश्न येतो. उपयोग होतो. अगदी शेवटच्या पायरीवरील अनेक रुग्णांचीही जळजळ थांबते आणि पकड सुधारते. पण मेलेले तंतू पुन्हा वाढायचे तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या संथपणे वाढतात. म्हणून सुधारणेला महिने लागतात, कधी वर्ष लागते आणि पूर्ण सुधारणा होईलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. जितके धागे शिल्लक असताना दाब काढला, तितके कापड परत मिळते.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसांचे आणि विशेषतः आई, आजी, बायको यांचे दोन्ही तळहात दिव्याखाली शेजारी ठेवून पाहा. अंगठ्यामागचे उंचवटे सारखे आहेत का? डोळे मिटून चिमटीत धरलेले रुपयाचे आणि पाच रुपयांचे नाणे ओळखता येते का? बायका हाताच्या दुखण्याबद्दल सहसा बोलत नाहीत आणि थांबलेल्या दुखण्याबद्दल तर मुळीच बोलत नाहीत. तुम्ही विचारा. आणि उत्तर आले की ‘आता दुखत नाही, फक्त बधिर आहे’, तर पुढच्या आठवड्यातच डॉक्टरांना हात दाखवा.